बारशाचे नाव दुसरेच: ‘शाहू’ नावाचा प्रवास

‘शाहू’ हे मराठी राजघराण्यातले विलक्षण नाव आहे. सातारा आणि कोल्हापूर या दोन्ही गाद्यांवरचे प्रमुख शाहू पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. यांपैकी एकाचेही बारशाचे नाव शाहू नव्हते. कुणी शिवाजी म्हणून जन्मले, कुणी यशवंतराव म्हणून, कुणी दिलीपसिंह म्हणून. ‘शाहू’ हे नाव त्यांच्याकडे नंतर आले: कधी कैदेच्या काळात रूढ झाले, कधी दत्तकविधानात मिळाले. राजर्षी शाहूंच्या २६ जूनच्या जयंतीला राज्यभर या नावाचा गजर होतो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूरच्या मतपत्रिकेवरही हे नाव होते आणि ते निवडून आले. तरीही हे नाव मुळात आले कुठून, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच ऐकीव गोष्टीवर भागवले जाते. ती गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

गोष्ट अशी. १६८९च्या नोव्हेंबरात रायगड पडला. महाराणी येसूबाई आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा मोगलांच्या ताब्यात गेले. मुलाचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलेले होते. औरंगजेबासमोर त्याला नेल्यावर बादशहा म्हणाला, शिवाजी तर लुटारू होता, हा मुलगा साव दिसतो, याला ‘साहू’ म्हणा. बखरींनी ही हकीकत सांगितली, पुढे मराठ्यांच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तकांत ती रुजली, आणि तिथून पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत आली.

गोष्ट कानाला पटते, कारण तिच्यामागे मराठीतली रोजची जोडी उभी आहे: चोर आणि साव. संस्कृत ‘साधु’चे प्राकृतात ‘साहु’ झाले, त्याचेच मराठीत ‘साव’. सचोटीचा व्यापारी तो साहू, त्यावरून साहुकार आणि सावकार. उत्तरेत साहू, साह, साव ही व्यापारी आडनावे याच मुळाची. गुजराती ‘शाह’ आडनावही बहुतांशी याच वाटेने आले आहे, त्याचा फारसी बादशाहीशी संबंध नाही. म्हणजे ‘साहू’ या शब्दाला ‘प्रामाणिक’ हा अर्थ आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की सात वर्षांच्या राजपुत्राला हे नाव त्या अर्थाने आणि त्या प्रसंगी मिळाले का?

दुसरे मूळ फारसी आहे. ‘शाह’ म्हणजे राजा. इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा शिलालेख आहे. त्यातला राजवाचक प्राचीन फारसी शब्द ‘ख्शायथिय’ असा आहे. हाच झिजत झिजत ‘शाह’ झाला, आणि ‘राजांचा राजा’ या बिरुदातून ‘शहेनशाह’ आला. संस्कृतातील ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द याच जुन्या धातूशी नाते सांगतात. सातारच्या गादीवरून निघालेल्या पत्रांचा मायना ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शाहू छत्रपती स्वामी’ असा असे. ‘शाहू’मधला ‘शाह’ फारसी धरला, तर एकाच मायन्यात एकाच धातूची दोन रूपे, एक भारतातून आलेले आणि एक इराणमार्गे फिरून आलेले, शेजारी बसलेली दिसतात.

भोसले घराण्यात हा ‘शाह’ औरंगजेबाच्या कितीतरी आधी आला होता. मालोजीराजे आणि उमाबाई यांना मूल होत नव्हते, म्हणून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या सिद्ध पुरुषाला नवस केला गेला आणि झालेल्या दोन मुलांची नावे त्याच्यावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली गेली. खुद्द शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदांनी लिहिलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात ही हकीकत आहे. राजघराण्याने ती लपवली नाही, उलट आपल्या कुलवृत्तांतात अभिमानाने नोंदवली. शरीफजी १६२४च्या भातवडीच्या लढाईत कामी आले. पण त्यांचे नाव भोसल्यांच्या दक्षिणेतल्या शाखेने जपले: तंजावरचे सरफोजी म्हणजे शरीफजीच. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या नावाने आज ओळखले जाते, त्या दुसऱ्या सरफोजीराजांचे नाव नगरच्या पीरापर्यंत पोहोचते. शहाजी हे नावही दोन्हीकडे चालू राहिले. शिवरायांच्या राजमुद्रेतला ‘शाहसूनु’ म्हणजे शहाजीपुत्र. मुद्रेच्या संस्कृत श्लोकात ‘शाह’ हा शब्द कसलाही संकोच न ठेवता आला आहे.

आता मुद्द्याचा पुरावा. औरंगजेबाने हे नाव नव्याने दिले असते, तर ते त्यापूर्वीच्या मोगली कागदांत भोसल्यांच्या संदर्भात सापडायला नको. ते सापडते. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच्या ‘पादशाहनामा’त १६३०च्या दशकातील दख्खनच्या मोहिमांचे वर्णन आहे. निजामशाही वाचवण्यासाठी बादशाही फौजांना झुंजवणारा जो मराठा सरदार त्यात पुन:पुन्हा येतो, तो ‘साहू भोसला’. हा साहू म्हणजे शहाजीराजे. एलियट आणि डाउसन यांनी फारसी तवारिखांचे उतारे इंग्रजीत आणले, त्यांतही शहाजीराजे याच नावाने भेटतात. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणारा खाफीखानही शिवरायांच्या वडिलांना साहूच म्हणतो.

याचा अर्थ सरळ आहे. रायगड पडण्यापूर्वी अर्धे शतक मोगली मुनशी शहाजी या नावाचे रूप ‘साहू’ असे करत होते. मराठा सरदाराच्या नावात ‘शाह’ लिहिणे दरबाराच्या लेखणीला जड गेले असावे, असे अनुमान करायला जागा आहे. ज्या दरबारात ‘शाह’ हा बादशहाचा आणि शाहजाद्यांचा मान होता, तिथे शत्रुपक्षाच्या सरदाराला तो कोण देणार? कारण काहीही असो, पणजोबांचे मोगली नाव आणि पणतूचे रूढ नाव एकच आहे. चोर-साव हा प्रसंग खरा मानला तरी औरंगजेबाने नवे नाव दिले असे ठरत नाही. नाव आधीच होते. त्यावर साव या अर्थाचे कलम नंतर बसवले गेले, हेच अधिक संभवनीय वाटते. तंजावरची साक्षही याच बाजूची आहे. तिथल्या शहाजीराजांचा उल्लेख शाहजी आणि शाहूजी असा दोन्ही रीतींनी होतो. १७४९ मध्ये इंग्रजांनी ज्या पदच्युत तंजावरी राजाची बाजू घेऊन देवीकोटाई जिंकली, तोही इंग्रजी कागदांत ‘साहूजी’ आहे. त्या घराण्याला कुणा बादशहाने साव ठरवलेले नव्हते. शहाजी, शाहजी, शाहू ही एकाच नावाची रूपे होती, इतकाच त्याचा अर्थ.

मग शिवाजी नावाच्या मुलाला शाहू का म्हणू लागले? इथे मराठी घरातली एक रीत लक्षात घ्यावी लागते. सासऱ्याचे नाव सुनेने तोंडाने घ्यायचे नाही, वडिलांच्या नावाने मुलाला हाक मारायची नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, पण घरात हाक मारायला दुसरेच नाव लागते. मुलाचा जन्म १८ मे १६८२चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. शिवरायांना जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. येसूबाईंनी ‘शिवाजी’ म्हणून मुलाला हाक मारली असेल, रागावून त्याचे नाव घेतले असेल, हे त्या काळच्या मराठा घरात संभवतच नाही. कोल्हापूरच्या राजांची घरगुती नावे पाहिली की ही रीत स्पष्ट दिसते: आबासाहेब संभाजी, बुवासाहेब शहाजी, बाबासाहेब शिवाजी. कागदावरचे नाव पूर्वजाचे, बोलण्यातले वेगळे. ‘शाहू’ हे असेच घरातले नाव असावे आणि ते आईबरोबर मोगलांच्या छावणीत गेले असावे. हा तर्क आहे, पण बखरीतल्या संवादापेक्षा तो माणसांच्या वागण्याला अधिक धरून आहे.

छावणीत मुलगा साडेसतरा वर्षे राहिला. बादशहाने त्याला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने मायलेकरांवर माया केली, असे दोन्ही बाजूंचे इतिहासकार सांगतात. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि दिल्लीच्या तख्ताकडे निघालेल्या त्याच्या मुलाने, आझमशहाने, त्याच वर्षी मे महिन्यात माळव्यातल्या दोराह्याजवळून शाहूंना जाऊ दिले. मराठ्यांत फूट पडावी हा त्यामागचा हिशेब होता. मोगल सरदार झुल्फिकारखानाचा सल्लाही तोच होता.

दक्षिणेत आल्यावर या नावाला राजकीय वजन आले. राजाराम महाराजांच्या निधनानंतर, १७०० मध्ये, ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवले होते. त्या मुलाचेही नाव शिवाजी. एका गादीवर हक्क सांगणारे दोघे चुलतभाऊ, दोघेही शिवरायांचे नातू आणि दोघांचेही नाव आजोबांचे. अशा वेळी सरदारांनी, देशमुखांनी, गावोगावच्या पाटलांनी ‘शिवाजी राजे’ म्हणावे तर कोणाला? ‘शाहू’ हे नाव टिकण्याचे सर्वांत मोठे कारण इथे आहे. भांडण संपेपर्यंत तेच नाव दोन राजांमधला फरक सांगत राहिले, आणि भांडण लांबले.

ताराबाईंच्या पक्षाने तर सुटून आलेला माणूस तोतया आहे असेच म्हटले. लहानपणी गेलेला राजपुत्र पंचवीस वर्षांचा तरुण होऊन परतलेला, त्याला ओळखणार कोण? तेव्हा परसोजी भोसले यांनी शाहूंबरोबर एका ताटात भोजन केले, असे सांगतात. त्या काळी या कृतीला साक्षीपत्राहून अधिक मोल होते: जातिकुळाची शंका असलेल्या माणसाच्या ताटात कुणी मराठा सरदार जेवला नसता. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्याआधी, दक्षिणेत येतानाच्या प्रवासात, पारद गावी गोळीबार झाला, पाटील सयाजी लोखंडे मारले गेले आणि त्यांच्या बायकोने आपले मूल शाहूंच्या पायावर घातले. मुलाचे नाव राणोजी. शाहूंनी त्याला जवळ केले आणि पहिल्या फत्तेची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. अक्कलकोटचे भोसले घराणे या फत्तेसिंहांचे. ज्याचे स्वतःचे नाव बदललेले होते, त्या राजाने आपल्या कारकिर्दीच्या आरंभीच दुसऱ्याचे नाव बदलून एक घराणे उभे केले.

शाहूंनी आपले बारशाचे नाव मात्र टाकले नाही. त्यांच्या राजमुद्रेतील संस्कृत श्लोक ही मुद्रा शंभूपुत्र शिवराजाची असल्याचे सांगतो, शाहूचे नाव त्यात नाही. पत्राच्या मायन्यात मात्र ‘राजा शाहू’. पेशव्यांचे शिक्के काढून पाहिले, तर बाळाजी विश्वनाथापासून ते ‘शाहू नरपति’ या धन्याचे प्रधान म्हणून सही करतात. म्हणजे एकाच कागदावर धर्मविधीतले नाव शिवराज आणि व्यवहारातले शाहू अशी सोय होती. ‘श्री राजा शिव छत्रपती’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई तर पुढे कित्येक दशके पाडली गेली. ताराबाईंच्या मुलाने नावाचा हक्क गमावला तो १७१४ मध्ये, तोही घरातच: ताराबाईंच्या सवतीने, राजसबाईंनी, मायलेकरांना कैदेत टाकले आणि आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवले. १७३१च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये वेगळी झाली.

या शाहूंची कारकीर्द १७४९ पर्यंत चालली. आज महाराष्ट्रात त्यांची आठवण फार कमी काढली जाते आणि हा अन्यायच म्हणायला हवा. १७१९च्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा त्यांच्या नावाने मिळाल्या, त्याच वर्षी येसूबाई तीस वर्षांच्या कैदेनंतर परत आल्या. एका वीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाई द्यायचा निर्णय दरबाराच्या विरोधात जाऊन याच राजाने घेतला. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचा विस्तार याच छत्राखाली झाला. तरी पुस्तके बाजीरावाची लिहिली जातात आणि शाहू दोन ओळींत उरकले जातात. साताऱ्यात शाहूनगर आहे, संगम माहुलीला कृष्णाकाठी त्यांची आणि त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. ‘थोरले शाहू महाराज’ ही जुनी, नेमकी संज्ञा मात्र सातारा जिल्ह्याबाहेर क्वचितच ऐकू येते.

थोरले म्हटले की धाकटे आलेच. थोरल्या शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांनंतर १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांतून दत्तक आलेले राजे शाहू या नावाने सातारच्या गादीवर बसले. राज्य पुण्यातून चालत होते, साताऱ्यात राजा जवळजवळ नजरकैदेत होता. १७९८ मध्ये धाकट्या शाहूंनी साताऱ्याचा किल्ला ताब्यात घेऊन पेशव्यांविरुद्ध उठाव केला, पण परशुरामभाऊ पटवर्धनांनी तो मोडला. १८०८ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले आणि दुसरे पुत्र शहाजी यांच्या मृत्यूनंतर १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केले. सातारच्या राज्याचा शेवट झाला तो ‘शाहू’चे मूळ रूप असलेल्या शहाजी या नावावर.

कोल्हापूरच्या गादीवर तोवर शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम ही नावे फिरत होती. शाहू नव्हते, आणि ते साहजिक होते. ज्या ताराबाईंनी ही गादी उभी केली, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचे ते नाव. पण १८८३च्या डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात इंग्रजांच्या देखरेखीखाली वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी कागलकर घाटग्यांच्या यशवंतरावांना दत्तक घेतले. दहा वर्षांच्या आतल्या त्या मुलाला नाव दिले शाहू. सातारचे राज्य बुडून छत्तीस वर्षे झाली होती. भाऊबंदकी संपली होती आणि दोन्ही शाखांची परंपरा चालवणारे राज्य आता एकच उरले होते. वैऱ्याचे म्हणून टाळलेले नाव अशा वेळी घराण्याचे म्हणून परत घेतले गेले, असे दिसते.

त्यानंतरचे वाचकांना सांगण्याची गरज नाही: २ एप्रिल १८९४चे राज्यारोहण, २६ जुलै १९०२चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, १९२०ची माणगाव परिषद. या अठ्ठावीस वर्षांनी नावाचा अर्थच बदलला. १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली, आणि त्या नात्यातून हे नाव उत्तर प्रदेशात घट्ट रुजले. तिथे ते ‘शाहूजी’ आहे. कानपूर विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव १९९७ पासून आहे. अमेठीचा वेगळा जिल्हा २०१० मध्ये झाला तो छत्रपती शाहूजी महाराज नगर या नावाने, पुढे ते बदलले गेले. राजघराण्याबाहेर, साध्या शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या घरात ‘शाहू’ हे मुलाचे पहिले नाव म्हणून ठेवले जाऊ लागले तेही राजर्षींमुळेच. राजांना नंतर मिळालेले नाव तिथे पहिल्यांदा खरोखर बारशाचे झाले.

नावाच्या या यशातून एक तोटा झाला आहे. ‘शाहू महाराज’ म्हटले की आता फक्त कोल्हापूर आठवते. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही, दोन्हींच्या मागचा इतिहास वेगळा. जयंतीच्या शुभेच्छाफलकांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत दोघांची चित्रे आणि सनावळ्या एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. दोन राजांमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर आहे, गाद्या वेगळ्या आहेत, कामे वेगळी आहेत. एका बाजूला अटकेकडे झेपावणाऱ्या सत्तेचा सूत्रधार आणि दुसऱ्या बाजूला जातिभेदाच्या भिंती पाडणारा संस्थानिक. दोघांनाही एकमेकांच्या नावावर खपवणे हा दोघांचाही अवमान आहे.

कोल्हापूरचे विद्यमान शाहू महाराज हे नागपूरकर भोसले घराण्यातले, पूर्वाश्रमीचे दिलीपसिंहराजे. छत्रपती शहाजी महाराजांनी १९६२ मध्ये त्यांना दत्तक घेतले, तेव्हा ते शाहू झाले. २०२४ मध्ये ते काँग्रेसचे खासदार म्हणून लोकसभेत गेले. त्याच निवडणुकीत सातारच्या गादीचे उदयनराजे भाजपकडून निवडून आले. पाठ्यपुस्तक मंडळाने, महापालिकांनी आणि जयंती समित्यांनी यापुढे निदान एवढे करावे: सातारच्या राजांचा उल्लेख ‘थोरले शाहू महाराज, मूळ नाव शिवाजी’ असा करावा, कोल्हापूरच्या राजांचा ‘राजर्षी शाहू महाराज, मूळ नाव यशवंतराव’ असा करावा, आणि औरंगजेबाची गोष्ट सांगायचीच असेल तर तिच्याशेजारी ‘पादशाहनामा’तला ‘साहू भोसला’ही छापावा.